गिअर टाकताना 'खर्र' आवाज: दोष गिअरबॉक्सचा की क्लचचा?

पावसाळ्यात, आणि गणपतीला गाडीने कोकणात निघण्याआधीच्या आठवड्यांत, मुंबईतल्या गॅरेजांमध्ये एक तक्रार वारंवार ऐकू येते. गिअर टाकताना खर्रकन आवाज येतो. कुणाला रिव्हर्सला, कुणाला तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना. त्यावर मिळणारी उत्तरंही ठरलेली असतात: "क्लच सेट बदलून टाकू" किंवा "गिअरबॉक्स खोलावा लागेल." दोन्ही कामांसाठी गिअरबॉक्स गाडीखाली उतरवावा लागतो, मजुरी मोठी असते आणि गाडी अडकून पडते. एवढं करूनही आवाज तसाच राहू शकतो. कारण आवाज गिअरबॉक्समधून येत असला तरी त्याचं मूळ पुष्कळदा बाहेर असतं: पेडलखाली अडकलेलं मॅट, ताणलेली क्लच केबल, कमी झालेलं ऑईल. आवाज किती मोठा आहे यावरून मूळ सापडत नाही. तो नेमका कधी येतो, हे पाहावं लागतं. आणि ते मालकाने स्वतः, पाना हातात न घेता, तपासता येतं.

आत घासतं काय?

गिअर बदलताना मोठी चक्रं सरकून एकमेकांत शिरतात, असा बहुतेकांचा समज असतो. आजच्या गाड्यांत तसं होत नाही. पुढे जाण्याच्या सगळ्या गिअरच्या जोड्या कायम एकमेकांत गुंतलेल्याच असतात. फक्त प्रत्येक जोडीतलं एक चक्र आपल्या शाफ्टवर मोकळं फिरत असतं. आपण गिअर टाकतो तेव्हा शाफ्टवरचं एक दातेरी कडं सरकतं आणि त्या मोकळ्या चक्राला शाफ्टशी जखडतं. या कड्याला स्लीव्ह म्हणतात. ते अडकावं म्हणून चक्राच्या कडेला बारीक टोकदार दात असतात. स्लीव्ह आणि चक्र वेगवेगळ्या वेगाने फिरत असताना हे दात भिडले की तो खर्र आवाज होतो.

वेग जुळवायचं काम सिंक्रो रिंगचं. बहुतेक गाड्यांत ही पितळी असते, आतून शंकूसारखी निमुळती, आणि त्या पृष्ठभागावर ऑईलचा थर कापणाऱ्या बारीक खाचा असतात. गिअर दांडा ढकलला की ती चक्राच्या शंकूवर दाबली जाते, घर्षणाने चक्राचा वेग शाफ्टच्या वेगाशी जुळवते आणि जुळेपर्यंत स्लीव्हला अडवून धरते. चालू लोकलमध्ये चढणारा माणूस आधी फलाटावर डब्याच्या वेगाने पळतो, मग दांडा धरतो. सिंक्रो रिंग म्हणजे ती पळण्याची चार पावलं. पळताना पाय घसरले तर ती रिंग झिजल्याची खूण. आणि पाय धड असूनही लोकलच वेग वाढवत राहिली, तर तो क्लच पूर्ण न सुटण्याचा प्रकार. दोन्हींत हिसका सारखाच बसतो, पण इलाज अगदी वेगळे आहेत.

कॅडिलॅकने १९२८ मध्ये सिंक्रो बाजारात आणला. त्याआधीच्या गाड्यांत वेग जुळवायचं काम ड्रायव्हरच्या पायांना करावं लागे. ती पद्धत आज तपासणीसाठी उपयोगी पडते, ती पुढे येईलच.

क्लच दाबल्यावर खरं काय व्हायला हवं

इंजिनचं फिरणं क्लचमार्फत गिअरबॉक्समध्ये आणणाऱ्या दांड्याला इनपुट शाफ्ट म्हणतात. समजा, दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर १.९ आणि तिसऱ्याचं १.३ आहे. दुसऱ्यात इंजिन ३००० आरपीएमवर असताना तिसरा टाकायचा, तर इनपुट शाफ्टचा वेग २०५० च्या आसपास उतरायला हवा. साडेनऊशे फेऱ्यांचा हा फरक त्या छोट्या पितळी रिंगला निमिषभरात मिटवायचा असतो. क्लच पूर्ण सुटला असेल, तर तिला फक्त इनपुट शाफ्ट, क्लच प्लेट आणि त्यांच्याबरोबर फिरणारी चक्रं थोपवावी लागतात. ते तिला सहज जमतं. पण क्लच प्लेट इंजिनबरोबर फिरणाऱ्या जड चाकाला, म्हणजे फ्लायव्हीलला, किंचित जरी घासत राहिली, तर रिंगची गाठ थेट इंजिनशी पडते, आणि त्यात ती हरणारच. क्लचच्या या अर्धवट सुटण्याला मेकॅनिक 'ड्रॅग' म्हणतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. क्लच प्लेट झिजली म्हणून गिअर खरखरतो, असं सर्रास सांगितलं जातं. झिजलेली प्लेट घसरते: एक्सलरेटर दाबला की इंजिनचा आवाज चढतो, गाडी मात्र तेवढी पळत नाही. गिअरला खरखर होते ती प्लेट सुटत नाही तेव्हा. घसरणं आणि न सुटणं ही दोन उलट दुखणी आहेत. गाडी चढावर नीट ओढत असेल आणि तरी कुणी "प्लेट संपली म्हणून गिअर वाजतो" म्हणत असेल, तर आधी पुढच्या चाचण्या करून घ्याव्यात.

दहा मिनिटांची तपासणी

पहिली चाचणी इंजिन बंद ठेवून. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला. क्लच दाबून सगळे गिअर एकेक करून टाका. एखादा गिअर दातावर दात आल्याने अडला, तर क्लच सोडून पुन्हा दाबा आणि परत टाकून बघा. तो दोष नव्हे. सगळेच जड जात असतील, दांडा ढिला वाटत असेल किंवा गिअर पूर्ण आत बसल्याचा ठोका जाणवत नसेल, तर गिअर केबल, लिंकेज किंवा तिथल्या प्लास्टिकच्या बुश पाहाव्यात. हे सगळं गिअरबॉक्स न उतरवता बदलता येतं. इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे जातात आणि सुरू केल्यावर अडतात, तर संशय क्लचवर.

दुसरी चाचणी रिव्हर्सची. इंजिन आयडलवर, गाडी पूर्ण थांबलेली, गिअर न्यूट्रलमध्ये. क्लच तळापर्यंत दाबा, मनात पाच आकडे मोजा आणि मग रिव्हर्स टाका. अनेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतोच, आणि क्लच दाबल्यावरही इनपुट शाफ्ट आपल्या वेगाने क्षणभर फिरत राहतो. थांबल्यावर आवाज येत नसेल, तर गाडीत काही बिघडलेलं नाही. घाई तेवढी नडतेय. दादर-परळच्या जुन्या इमारतींत पार्किंगला पुढे-मागे करताना हे रोज होतं. तिथे सोपा उपाय म्हणजे क्लच दाबूनच आधी पहिला किंवा दुसरा गिअर टाकायचा आणि लगेच रिव्हर्स. पुढच्या गिअरची सिंक्रो रिंग इनपुट शाफ्टला थांबवते आणि रिव्हर्स गुपचूप बसतो. पाच सेकंद थांबूनही खरखर होत असेल, तर शाफ्टला कुणीतरी फिरवत ठेवतंय. म्हणजे ड्रॅग.

त्याची खात्री तिसऱ्या चाचणीने होते. पुढे मोकळी, सपाट जागा हवी आणि समोर कुणी उभं नको. क्लच तळापर्यंत दाबून पहिला गिअर टाका, ब्रेकवरचा पाय हलका करा. गाडी पुढे सरकू पाहते का? उजवा पाय ब्रेकवरून उचलून इंजिन दीड-दोन हजार आरपीएमपर्यंत नेल्यावर तर नाही ना ढकलत? सरकत असेल, तर क्लच सुटत नाही, हे डोळ्यांनी दिसलं.

मग, क्लच हायड्रॉलिक (केबलऐवजी द्रवाच्या दाबावर चालणारा) असेल, तर पेडल लागोपाठ तीन-चार वेळा दाबून गिअर टाका. पंप केल्यावर गिअर नीट पडत असेल, तर लाइनमध्ये हवा शिरली आहे किंवा पेडलकडच्या मास्टर सिलिंडरचं रबर दाब सोडतंय.

शेवटची चाचणी रस्त्यावर, पहाटे, वाहतूक नसताना. ज्या गिअरला आवाज येतो तो आधी नेहमीसारखा टाका. मग जुन्या ड्रायव्हरसारखा: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडा, पुन्हा दाबा, गिअर टाका. वरच्या गिअरवरून खाली येत असाल, तर न्यूट्रलमध्ये क्लच सुटलेला असताना एक्सलरेटरला हलका टोला द्या. या दुहेरी क्लचने वेग इंजिनच जुळवून देतं, रिंगला काम उरत नाही. असं केल्यावर आवाज गेला आणि आधीच्या तिन्ही चाचण्यांत क्लच निर्दोष ठरला असेल, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजली आहे, असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं.

एकच गिअर की सगळे?

सगळे गिअर, विशेषतः पहिला आणि रिव्हर्स, गाडी उभी असताना त्रास देतात: क्लच. चालत्या गाडीत एकच गिअर वाजतो, बाकीचे गप्प असतात: त्या गिअरची रिंग किंवा स्लीव्ह. क्लच बिघडला तर तो एका गिअरपुरता बिघडत नाही, म्हणून हा भेद भरवशाचा आहे.

एकट्याने वाजणारा गिअर बहुधा दुसरा असतो. पहिल्या-दुसऱ्या आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या गुणोत्तरांत अंतर मोठं असतं, त्यामुळे रिंगला जास्त वेग मिटवावा लागतो. त्यात जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) किंवा घोडबंदर रोडवर संध्याकाळी गाडी पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्यातच घुटमळत असते. तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना दांडा जोरात ओढायची सवय असेल, तर रिंग आणखी लवकर जाते. क्षणभर न्यूट्रलवर रेंगाळून, दोन बोटांच्या दाबाने दांडा खाली आणला तर रिंगला तिचं काम करायला वेळ मिळतो.

दिवसातली वेळही सांगते. सकाळी पहिली पाच-सहा किलोमीटर गिअर जड आणि मग ठीक, तर ऑईल जुनं किंवा चुकीच्या जाडीचं. याउलट घरून निघताना ठीक आणि ट्रॅफिकमधून सायनला पोचेपर्यंत खरखर, तर तापलेला क्लच.

खरखर आणि घरघर यांत गल्लत करू नये. न्यूट्रलमध्ये क्लच सोडल्यावर घरघर येते आणि दाबल्यावर थांबते, ती इनपुट शाफ्टच्या बेअरिंगची असते. दाबल्यावर येते, ती रिलीज बेअरिंगची, म्हणजे क्लच सोडवायला दाब देणाऱ्या बेअरिंगची. टाकलेला गिअर आपोआप बाहेर उडतो, तर स्लीव्हचे दात गोल झालेत, स्लीव्ह सरकवणारा शिफ्ट फोर्क झिजलाय किंवा इंजिन माउंटिंग तुटलंय. माउंटिंग आधी बघावं, ते बाहेरच असतं.

"पण मी तर क्लच पूर्ण दाबतो"

पाय तळाला टेकतो, पण पेडल टेकतं का? पावसाळ्यात गाडीत मूळ मॅटवर रबरी मॅट, त्यावर वर्तमानपत्र, असे थर चढतात. पुष्कळदा पेडलच्या शेवटच्या टप्प्यातच क्लच पूर्ण सुटतो, आणि तेवढीच जागा हे थर खातात. सगळी मॅट काढून पुन्हा चाचण्या करा. फुकटातला हा उपाय सगळ्यात आधी करायचा.

केबलचा क्लच असेल तर पेडल हाताने हळू दाबून बघा. सुरुवातीचं काही अंतर ते सैल जातं, मग ताण लागतो. हे सैल अंतर बऱ्याच गाड्यांत १५ ते २५ मिमी असतं. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत मिळतो. त्याहून जास्त असेल तर केबल ताणलीय, पेडल तळाला गेलं तरी क्लच पुरता सुटत नाही. गिअरबॉक्सकडच्या टोकाचा नट फिरवून ते जुळवता येतं. मात्र सैलपणा शून्यावर आणू नये, नाहीतर प्लेट घसरू लागते आणि रिलीज बेअरिंग कायम दाबाखाली राहतं. केबलच्या तारा टोकाशी उसवल्या असतील तर जुळवत बसण्यात अर्थ नाही, केबलच बदलावी.

हायड्रॉलिक क्लचमध्ये आधी फ्लुइडची पातळी. अनेक गाड्यांत ब्रेक आणि क्लच एकाच डबीतून फ्लुइड घेतात आणि क्लचची नळी वरच्या बाजूला जोडलेली असते. म्हणजे पातळी उतरली की आधी क्लच बोलतो. अशा वेळी तो ब्रेकचाही इशारा आहे, गाडी तशीच दामटू नये. पेडलच्या वर फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळ) आणि गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरवर ओल दिसते का पाहावं. हे फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं, आणि मुंबईच्या दमट हवेत तो भरपूर असतो. दोन वर्षं झाली असतील, रंग चहासारखा झाला असेल, तर बदलून, हवा काढून घ्यावी. डबीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं, तेच वापरावं.

हे सगळं ठीक असेल, तरच दोष क्लचच्या आत. उड्डाणपुलाच्या चढावर ब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी धरून ठेवली की प्लेट आणि प्रेशर प्लेट तापून किंचित वाकतात. वाकलेली प्लेट कुठेतरी टेकलेलीच राहते. अशा वेळी क्लच सेट बदलणं योग्यच आहे. फक्त तो निष्कर्ष शेवटी यायला हवा.

ऑईल: कमी, जुनं की भलतंच?

नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये इंजिन ऑईल बदलतात, गिअर ऑईल नाही. कित्येक गाड्या लाखभर किलोमीटर त्याच ऑईलवर काढतात. छोट्या गाड्यांत ते साधारण २ लिटर असतं. ड्राइव्ह शाफ्टच्या सीलमधून झिरपून अर्धं गेलं तरी डॅशबोर्डवर कुठलाही दिवा लागत नाही. पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला काळपट ओल दिसली तर पातळी तपासायलाच हवी.

पद्धत अशी: गाडी सपाट, दोन्ही टोकांना सारखी उचललेली. आधी वरचा भरायचा बोल्ट उघडायचा, मगच खालचा. हा क्रम मोडू नका. ऑईल काढून टाकलं आणि वरचा बोल्ट गंजून उघडलाच नाही, तर गाडी तिथेच अडकते. जुनं ऑईल मापाच्या भांड्यात घ्या. क्षमता २ लिटर आणि निघालं सव्वा लिटर, तर गळती शोधल्याशिवाय नवीन भरून उपयोग नाही. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर राखाडी मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज. ऑईलमध्ये उन्हात चमकणारी सोनेरी भुकटी दिसली तर ती सिंक्रो रिंगची. पोलादाचे टवके निघाले, तर मात्र गाडी चालवणं थांबवा. नवीन ऑईल भरण्याच्या भोकातून ओघळू लागेपर्यंत भरायचं.

डब्यावरचं लेबल वाचा. पुस्तिकेत जीएल-४ (गिअर ऑईलचा एक वर्ग) सांगितलं असताना दुकानदार "जीएल-५ वरच्या दर्जाचं आहे" म्हणून देतो. ते वरच्या दर्जाचं नव्हे, वेगळ्या कामाचं आहे. दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरेन्शियलवरच्या प्रचंड दाबासाठी त्यात गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त असतात. ती पितळाला खाऊ शकतात, शिवाय रिंगला जे घर्षण हवं तेच कमी करतात. जाडीही, उदाहरणार्थ ७५डब्ल्यू-८० की ७५डब्ल्यू-९०, पुस्तिकेप्रमाणेच. जाड ऑईल घातल्यावर आवाज दबतो हे खरं, पण खरखरीवर तो इलाज नाही; रिंगला जाड थर कापायला उलट जास्त वेळ लागतो.

गाडी पाण्यातून गेली असेल तर

हिंदमाता, किंग्ज सर्कल, मिलन सबवे किंवा अंधेरी सबवेजवळ गाडी पाण्यात अडकली, आणि काही दिवसांनी गिअर वाजू लागले, तर दुवा स्पष्ट आहे. गिअरबॉक्सच्या वर हवा खेळण्यासाठी ब्रीदर असतो. तापलेला गिअरबॉक्स गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर किंवा जुन्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ऑईल दुधाच्या कॉफीसारखं दिसलं तर लगेच बदला, वीस-तीस किलोमीटर चालवून पुन्हा बदला. एकदा बदलून आतलं सगळं पाणी निघत नाही, आणि राहिलेलं पाणी बेअरिंग गंजवतं.

दुसरा प्रकार उभ्या गाडीचा. पावसात दोन-तीन आठवडे न चालवलेल्या गाडीत क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजाने चिकटू शकते. इंजिन सुरू असताना एकही गिअर पडत नाही. इथे गिअर रेटून टाकणं घातक आहे. आधी इंजिन सुरू करून पूर्ण तापू द्या; एवढ्यानेही कधी कधी सुटते. नाहीच सुटली तर मेकॅनिकला बोलवा.

असंच चालवलं तर काय होतं?

गाडी धावते, म्हणून अनेक जण महिने काढतात. प्रत्येक खर्र आवाजाला स्लीव्हचे आणि चक्राचे टोकदार दात थोडे गोल होतात. सुरुवातीला फक्त केबल किंवा रिंग बदलून भागणारं काम मग चक्र आणि स्लीव्हखालच्या हबपर्यंत जातं, आणि एक दिवस खंडाळ्याच्या किंवा कशेडीच्या उतारावर गिअर स्वतःहून बाहेर येतो. तिथे इंजिनचा ब्रेक गेला की सगळा भार चाकांच्या ब्रेकवर. बाटलीतून ओतायच्या औषधांनी झिजलेल्या खाचा परत येत नाहीत, त्यात पैसे घालू नयेत.

गिअरबॉक्स उतरवायचाच असेल तर

मेकॅनिकला "गिअर वाजतो" एवढंच न सांगता नेमकं सांगा: कोणता गिअर, वर जाताना की खाली येताना, थंड की तापल्यावर, दुहेरी क्लचने थांबतो का. बॉक्स उघडल्यावर रिंग चक्राच्या शंकूवर हाताने दाबून दोघांमधली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजायला सांगा. बऱ्याच छोट्या गाड्यांत नवीन रिंगला ती १ मिमीच्या आसपास असते आणि अर्धा मिमीवर आली की रिंग बाद धरतात; तुमच्या गाडीचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. स्लीव्ह आणि चक्राच्या दातांची टोकं बोटाने चाचपून पाहा. ती गोल झाली असतील तर नुसती नवी रिंग टिकणार नाही.

कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या बाजारातून आणलेला अख्खा गिअरबॉक्स स्वस्त वाटतो, पण तो बसवण्याआधी ऑईल काढून त्यात सोनेरी भुकटी आहे का, हे तरी बघाच. आणि बॉक्स खाली आलाच आहे, तर रिलीज बेअरिंग, इनपुट शाफ्टचं सील, ड्राइव्ह शाफ्टची सीलं आणि इंजिनचं मागचं क्रँक सील त्याच वेळी तपासून घ्या. या वस्तूंची किंमत थोडी असते. खर्च होतो तो बॉक्स पुन्हा उतरवण्याचा. काढलेले जुने भाग मागून घ्या, आणि नवीन ऑईल भरताना डब्यावरचा ग्रेड स्वतः उभं राहून वाचा.